कानाच्या नसेवरची गाठ आणि दोन डॉक्टरांचे दोन सल्ले

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

"डॉक्टरसाहेब, माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. आमची पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपासून त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. गिरणीच्या आवाजाने झालं असेल असंच सगळे म्हणत होते. दोनदा कानातला मळ काढून घेतला. दिवाळीपासून चालताना तोल जातो आणि उजवा गाल बधिर वाटतो. आता एमआरआय केला. 'उजव्या सीपी अँगलमध्ये २.८ सेंटिमीटरची गाठ, बहुधा श्वानोमा, ब्रेनस्टेमवर दाब' असं त्यात आलंय. कोल्हापूरचे सर्जन ऑपरेशनच करा म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कापाकापी कशाला, गामा नाइफने भागेल. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशन केलं की तोंड वाकडं होतं, हे खरं का? मुलगा बारावीला आहे, त्याची परीक्षा होईपर्यंत थांबलं तर चालेल का? आणि पुढे मुलांनाही होईल का? माझे दीर काढा आणून देतो म्हणतात. काहीच सुचत नाही. – एक भगिनी, सांगली जिल्हा"

ताई,

आधी कॅन्सरचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. श्वानोमा म्हणजे नसेच्या वेष्टणातून उगवणारी गाठ, कॅन्सर नव्हे. ती यकृतात, फुप्फुसात, हाडांत पसरत नाही. वाढते तीही हळूहळू, सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर, आणि काही गाठी तर वर्षानुवर्षं आहेत तेवढ्याच राहतात. तुमच्या मिस्टरांची गाठ २.८ सेंटिमीटरची आहे म्हणजे ती दिवाळीत उगवलेली नाही. बरीच वर्षं ती तिथे असणार.

मग डॉक्टर एवढे गंभीर का होतात? जागेमुळे. कानामागे जे हाड हाताला लागतं, तिथून आत डोक्याच्या मध्याकडे गेलं की एक तिकोनी फट लागते. तिच्या पुढे कानाचं टणक हाड, मागे लहान मेंदू आणि आतल्या अंगाला ब्रेनस्टेम. श्वास, हृदयाचे ठोके, शुद्ध, सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो हा ब्रेनस्टेम. या फटीलाच सीपी अँगल म्हणतात. एरवी तिथे फक्त मेंदूभोवतीचं पाणी असतं आणि त्या पाण्यातून काही नसा आणि रक्तवाहिन्या आरपार जातात. मधोमध ऐकण्याची, तोलाची आणि चेहऱ्याची नस एकत्र निघून जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या हाडाच्या बोगद्यात शिरतात. वरच्या बाजूला चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस. खाली गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा. गाठ बहुतेक वेळा तोलाच्या नसेच्या वेष्टणातून सुरू होते, त्या बोगद्यात किंवा त्याच्या तोंडाशी, आणि जागा मिळेल तशी फटीत फुगते.

आता तुमच्या पत्रातली लक्षणं या नकाशावर ठेवून बघा. गाठ तोलाच्या नसेवर, पण आधी गेलं ते ऐकणं. कारण तोल इतका सावकाश जातो की दुसऱ्या बाजूचा कान आणि मेंदू मिळून तो सांभाळून घेतात, माणसाला पत्ताही लागत नाही. ऐकण्याची नस मात्र त्याच अरुंद बोगद्यात चेंगरते आणि तिची भरपाई कोणी करत नाही. आज गाल बधिर वाटतोय याचा अर्थ गाठ वर पाचव्या नसेपर्यंत पोचली आहे. आणि चालताना झोक जाणं हे या आकाराला नुसतं कानाचं दुखणं नसतं. लहान मेंदू आणि ब्रेनस्टेमवरचा दाब त्यात येतो. रिपोर्टमधल्या 'दाब' या शब्दाचा घरात दिसणारा अर्थ हा आहे.

गिरणीबद्दलही बोलून घेऊ. सगळ्यांनी गिरणीला दोष दिला, ते साहजिक आहे. पण गोंगाटाने कान जातात ते साधारण दोन्ही, बरोबरीने. एकच कान हळूहळू बहिरा होतोय, फोन आपोआप दुसऱ्या कानाला जायला लागलाय, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, हे दिसलं की मळ काढून थांबायचं नसतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करायचा आणि दोन कानांत ठळक फरक आला तर एमआरआय. हे मी तुम्हाला टोचून बोलत नाही, तुमच्या हातात नव्हतंच ते. हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय, आणि खरं सांगायचं तर कान तपासून नुसते थेंब लिहून देणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंसाठीसुद्धा. मोठ्या आवाजाने ही गाठ होते का, हे अभ्यासकांनी तपासून बघितलंय, ठोस काही हाती आलेलं नाही. तेव्हा गिरणी घातली म्हणून हे झालं, हे ओझं कोणी डोक्यावर घेऊ नका.

रिपोर्टमध्ये 'बहुधा' का लिहिलंय, असा प्रश्न पडला असेल. या फटीतल्या दहापैकी साधारण आठ गाठी श्वानोमाच असतात. उरलेल्यांत मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिंजिओमा असतो आणि एपिडर्मॉइड नावाची, जन्मापासून राहून गेलेल्या त्वचेच्या पेशींची पांढरी गाठ असते. फिल्मवर तिघांची ठेवण वेगळी दिसते. श्वानोमाचं शेपूट हाडाच्या बोगद्यात शिरलेलं असतं, मेनिंजिओमा हाडाला पसरट बसलेला असतो. रेडिओलॉजिस्ट सहसा चुकत नाहीत, पण शंभर टक्के नाव गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली गेल्यावरच देता येतं. म्हणून 'बहुधा'.

आता मुख्य गोष्ट, दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात. यात कोणी तुम्हाला फसवत नाही. तुमच्या मिस्टरांची गाठ नेमकी कुंपणावर बसली आहे. ती दीड सेंटिमीटरची असती तर दोघांनीही कदाचित 'सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करा' म्हटलं असतं. चार सेंटिमीटरची असती तर पुण्याच्या डॉक्टरांनीही गामा नाइफचं नाव काढलं नसतं. अडीच ते तीनच्या मधल्या पट्ट्यात चांगल्या जाणकारांची मतं वेगळी पडतात, आणि तिथे मिलिमीटरपेक्षा बाकीच्या गोष्टी निर्णय फिरवतात.

गामा नाइफमध्ये सुरी नसते. १९६९ मध्ये स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी अशी गाठ पहिल्यांदा त्या यंत्राने हाताळली. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच जागी मिळतात. एकेक किरण दुबळा, मिळतात तिथे मात्र जोर. डोक्याला कातडी बधिर करून चार स्क्रूंनी चौकट बसवतात, एकाच बैठकीत काम होतं, बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी असतात. कॅन्सरला महिना-दीड महिना 'लाईट' देतात त्याच्याशी याची गल्लत करू नका. केस जात नाहीत. भारतात हे १९९७ पासून होतंय, मुंबईत आणि दिल्लीत आधी सुरू झालं. लहान-मध्यम गाठींत दहापैकी नऊहून जास्त जणांची वाढ थांबते आणि चेहरा वाकडा होण्याचा धोका फारच कमी.

मग हेच का नको? कारण दोन गोष्टी कोणी जोर देऊन सांगत नाही. एक, गामा नाइफने गाठ निघून जात नाही. ती थांबते, काही वर्षांत थोडी आकसते, पण तिथेच असते. म्हणजे आज ब्रेनस्टेमवर जो दाब आहे तो लगेच उतरत नाही. दोन, किरण दिल्यानंतर पहिल्या सहा महिन्यांपासून दीडेक वर्षापर्यंत गाठ आधी सुजू शकते. लहान गाठीला सुजायला जागा असते. जी आधीच ब्रेनस्टेमला टेकली आहे तिला नसते. शिवाय किरण घेऊनही गाठ वाढलीच, तर नंतरचं ऑपरेशन जास्त चिकट, जास्त अवघड होतं.

मी फिल्म पाहिलेली नाही, पेशंट तपासलेला नाही, तेव्हा हे मत तेवढ्याच वजनाचं समजा. वय ४८, ब्रेनस्टेमवर दाब, गाल बधिर, चाल बिघडलेली. एवढ्या माहितीवर माझा कौल कोल्हापूरच्या सर्जनच्या बाजूला जातो. ७५ वर्षांचे, हृदयाचं दुखणं असलेले गृहस्थ असते तर मी पुण्याकडे झुकलो असतो.

कोणीतरी नातेवाईक तुम्हाला मोबाइलवर पाठवेल की परदेशात अशा गाठी नुसत्या बघत बसतात. खोटं नाही. नॉर्वेत १०० पेशंटवर केलेला एक चांगला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच गामा नाइफ, निम्म्यांना नुसती देखरेख. चार वर्षांनी किरण दिलेल्यांच्या गाठी लहान होत्या, पण ऐकणं, तोल, एकूण तब्येत यांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पण त्या गाठी लहान-मध्यम होत्या, ब्रेनस्टेम दाबणाऱ्या नव्हत्या. तो अभ्यास तुमच्या घरासाठी नाही.

तोंड वाकडं होण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी भीती ती आहे, आणि ती अस्थानी नाही. चेहऱ्याची नस गाठीच्या आत नसते, गाठीला चिकटून असते. तीही बहुतेक वेळा गाठीच्या पुढच्या अंगाला, म्हणजे मागून शिरणाऱ्या सर्जनच्या नजरेच्या पलीकडे. वर्षानुवर्षांच्या दाबाने ती गोल नस कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ होऊन गाठीवर पसरलेली असते. मायक्रोस्कोपखालीसुद्धा कुठे गाठ संपली आणि कुठे नस सुरू झाली, हे डोळ्यांनी सांगता येत नाही अशा जागा असतात.

त्यासाठी काय करतात ते सांगतो. पेशंट कुशीवर, डोकं तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट. कानामागचे थोडेच केस काढतात. हाडात साधारण तीन सेंटिमीटरची खिडकी करायची. मेंदूभोवतीचं पाणी थोडं वाहू दिलं की लहान मेंदू आपोआप मागे सरकतो, त्याला ओढावं लागत नाही. मग गाठ आतून पोखरत जायची. अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी गाठीचा गर फोडून ओढून घेणारं यंत्र असतं. आत पोकळ झाली की कवच सैल पडतं आणि नसांपासून थोडं थोडं सोडवता येतं. आणि हे चालू असताना पेशंटच्या डोळ्याच्या कडेला आणि ओठाजवळ बारीक सुया टोचलेल्या असतात. सर्जन एका बोथट टोकाने संशयित जागी अगदी किंचित करंट सोडतो. तिथे चेहऱ्याची नस असेल तर मॉनिटरवर रेघ उसळते आणि स्पीकरमधून टकटक आवाज येतो. तो आवाज आला की थिएटरमधले सगळे गप्प होतात. भूल देणारे डॉक्टर त्यासाठी स्नायू सैल करणारं औषध त्या वेळी देत नाहीत, नाहीतर नस असूनही ओठ हलणार नाही. सहा, आठ, कधी त्याहून जास्त तास हे चालतं. बाहेर बसणाऱ्यांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये. या ऑपरेशनमध्ये घाई करणारा सर्जन नको असतो.

यात शंभर वर्षांचा एक फेरा दडलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाठ बोटाने खरवडून काढत, आणि दहातले सात-आठ पेशंट टेबलावर किंवा काही दिवसांत जात. बोस्टनच्या हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं, कवच तसंच ठेवा, आतलंच काढा. मृत्यू झपाट्याने उतरले, पण राहिलेली गाठ पुन्हा वाढे. त्यांचेच शिष्य वॉल्टर डँडी म्हणाले, अर्धवट कशाला, कवचासकट सगळी काढा. काढली, लोक वाचले, पण चेहरा बहुधा जायचाच. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी मायक्रोस्कोप घेऊन कानाच्याच हाडातून वाट काढली आणि चेहऱ्याची नस वाचवणं शक्य झालं. त्यानंतर बराच काळ 'गाठ शंभर टक्के निघाली' हेच सर्जनच्या कर्तबगारीचं माप झालं. माझ्या पिढीने तेच शिकलं. आता पुन्हा पुष्कळ जण म्हणतात, नसेवरचा पातळ थर सुटत नसेल तर राहू द्या, दरवर्षी एमआरआय करा, वाढला तर त्याला गामा नाइफ द्या. मला हे पटतं. ४८ वर्षांच्या माणसाला पुढची तीस वर्षं त्याच चेहऱ्याने हसायचंय, जेवायचंय, डोळा मिटायचाय.

म्हणून सर्जनला भेटाल तेव्हा 'गाठ पूर्ण निघेल ना' हा प्रश्न पहिला विचारू नका. सगळे तोच विचारतात आणि त्याच्या उत्तराने सर्जन नकळत बांधला जातो. विचारा, की नसेला चिकटलेला थर निघत नसेल तर तुम्ही काय कराल? चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंग तुमच्याकडे होतं का? अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात? आकडा तोंडावर विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. तरी विचारा. चांगल्या सर्जनला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल तुम्हाला आपसूक काहीतरी कळतं. आणि उजव्या कानाचं ऐकणं बहुधा परत येणार नाही, उरलंसुरलंही जाईल, हे आधीच मनाशी धरून ठेवा. एवढ्या गाठीत ते वाचवणं फार क्वचित जमतं.

नस अखंड राहिली तरी ऑपरेशननंतर चेहरा काही काळ लुळा पडू शकतो. कधी पहिले दोन-चार दिवस ठीक असतो आणि मग उतरतो, आणि हा उशिरा उतरलेला चेहरा बहुधा छान सुधारतो. सुधारायला महिने लागतात, कधी वर्ष, कधी दीड वर्ष. वर्षभरात काहीच हालचाल नाही आली, तर जिभेची किंवा चावण्याच्या स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडायचं ऑपरेशन असतं, ते फार लांबवायचं नसतं.

या काळात ओठापेक्षा डोळ्याकडे बघा. ओठ वाकडा दिसतो म्हणून सगळे हळहळतात, नुकसान डोळ्याचं होतं. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. आणि तुमच्या मिस्टरांचा गाल आधीच बधिर आहे, म्हणजे डोळ्यात कचरा गेला तर खुपणारही नाही कदाचित. लाल डोळा, खुपत नाही, म्हणून कोणी बघत नाही, आणि बुबुळावर फूल पडतं. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम घालून पापणी बोटाने मिटवायची आणि मायक्रोपोरची पट्टी वरच्या पापणीपासून गालापर्यंत तिरकी लावायची. पट्टीची कड बुबुळाला घासता कामा नये, म्हणून आधी डोळा नीट मिटला आहे हे बघून मगच लावा. गिरणीत पिठाची धूळ उडते. डोळा पूर्ण मिटायला लागेपर्यंत त्यांनी गिरणीत पाऊलही टाकायचं नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही.

घरी आल्यावर आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्यासारखं काही गळलं, घशात खारट लागलं, किंवा जखम ओली दिसली, तर 'सर्दी असेल' म्हणायचं नाही. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, हाडातल्या हवेच्या पोकळ्यांतून कानाकडे आणि तिथून नाकात येतं. त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. ताप, मान आखडणं, खूप डोकं दुखणं सोबत असेल तर फोनही नको, थेट निघा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर करायचा नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. पहिले काही दिवस भोवळ आणि उलट्या होतात, ते अपेक्षित आहे. अंथरुणावर पडून राहिल्याने तोल सुधारत नाही, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मान आणि नजरेचे व्यायाम करूनच सुधारतो. सुरुवातीला त्या व्यायामांनी गरगरतं, म्हणून लोक सोडून देतात. सोडू देऊ नका.

बारावीचं. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. डोक्यातलं पाणी साचलेलं नसेल तर काही आठवडे थांबल्याने गाठीत फरक पडत नाही. त्याची खात्री करायला दोन गोष्टी करा. एमआरआयची सीडी सर्जनला दाखवून 'पाण्याच्या पोकळ्या फुगल्यात का' असं स्पष्ट विचारा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून मागच्या पडद्यावर सूज आहे का ते बघून घ्या. दोन्ही ठीक असतील तर परीक्षेपर्यंत थांबायला बरेच सर्जन हरकत घेणार नाहीत. पण माझं मत विचाराल तर थांबू नका, जानेवारीतच करा. हॉस्पिटलचा मुक्काम साधारण आठ-दहा दिवसांचा. तेवढे दिवस मुलगा आत्याकडे किंवा मामाकडे राहून अभ्यास करेल. घरात तीन महिने टांगती तलवार ठेवून, बाबांना झोक जाताना रोज बघत कोणत्या मुलाचा अभ्यास होतो? १७-१८ वर्षांचा आहे तो, त्याला खरं काय ते सांगा. तो मोबाइलवर शोधून तुमच्यापेक्षा भयंकर काहीतरी वाचून बसलाच असेल.

थांबलात तरी काही लक्षणांना थांबायचं नाही. पहाटे डोकं दुखून उलटी होणं, दोन-दोन दिसणं किंवा नजर अंधुक होणं, पाणी पिताना ठसका लागणं, आवाज घोगरा होणं, दिवसा नको तेवढी झोप. यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात जा. आणि आजपासून मोटरसायकल बंद. कृष्णेत पोहायला जात असतील तर तेही बंद. पाण्याखाली वर-खाली कळायला तोलाचा कान लागतो.

काढ्याने ही गाठ विरघळत नाही. कुठल्याच पॅथीचं असं औषध नाही, माझ्याही. स्टेरॉइडने तात्पुरती सूज उतरून बरं वाटतं, गाठ तिथेच राहते. दिरांचं मन दुखवायचं नसेल तर तो काढा त्यांना ऑपरेशननंतर बघू म्हणून सांगा, आणि ऑपरेशनच्या आधीच्या दोन आठवड्यांत तर कुठलंही मुळी-चाटण पोटात जाऊ देऊ नका. काहींनी रक्त पातळ होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका, सर्जन आणि भूलतज्ज्ञ सांगतील तशी.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण गिरणीवाल्याच्या घरात तो विचार नाही असं कसं होईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया बसतात. ज्या हॉस्पिटलात करायचं ते योजनेत अंगीकृत आहे का, आणि हेच ऑपरेशन तिथे योजनेतून होतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा, भरती व्हायच्या आधी. नंतर कागद फिरवणं जड जातं. मुंबईला जायची तयारी असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहेत आणि असल्या गाठींचा तिथल्या हातांना भरपूर सराव आहे. गर्दी आहे, रांग आहे, राहायची सोय स्वतः बघावी लागते. पण आधी मी सरावाबद्दल जे लिहिलं ते आठवून निवड करा, इमारतीच्या चकचकाटावरून नाही. कुठेही जा, नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीडी न्या. आणि ऑडिओग्रामसुद्धा.

मुलांना होईल का? एका बाजूची गाठ, तीही ४८ व्या वर्षी कळलेली, ही वारशाने जात नाही असंच धरून चालायचं. दोन्ही बाजूंना गाठी असल्या, किंवा तिशीच्या आत निघाल्या, तर बावीसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकाच्या बिघाडाची शंका घेतात आणि घरातल्यांनाही तपासतात. तुमच्या एमआरआयमध्ये डावी बाजू स्वच्छ आहे का तेवढं विचारून घ्या. असेल तर मुलांची कुठलीही तपासणी नको.

राहिली गिरणी. सगळं सुरळीत झालं तरी निदान तीन महिने ते कामावर नाहीत असं समजून सोय लावा, आणि परत जातील तेव्हाही फिरत्या पट्ट्याजवळचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या. एका कानाने आवाज कुठून येतो ते कळत नाही, मागून कोणी हाक मारली तर ते भलतीकडेच वळतील, आणि वळताना झोक जाईल. गल्ल्यावर बसणं, दळण मोजून घेणं चालेल. बसताना बहिरा उजवा कान भिंतीकडे आणि डावा कान गिऱ्हाइकाकडे येईल अशी खुर्ची फिरवून ठेवा.